हाजींच्या सुनेचं नाव

आमच्या गल्लीत बाईचं नाव घराबाहेर काढत नाहीत. मला सगळे उम्म नशवान म्हणतात, म्हणजे नशवानची आई. कोपऱ्यावरचा किराणावाला वर्षानुवर्षं मला पीठ विकतोय, पण माझं नाव विचारलंत तर तो कानांवर हात ठेवेल. त्याला ते खरंच माहीत नाही. परक्या पुरुषासमोर घरातल्या बाईचं नाव घेणं म्हणजे तिला उघड्या डोक्यानं रस्त्यावर उभी करणं, असं आमच्याकडे मानतात. येमेनमध्ये मानायचेच, पण इथे अमेरिकेत, डिअरबॉर्नमध्ये कारखान्याच्या धुराड्यांखाली राहायला आल्यावर जरा जास्तच मानायला लागले. माझा नवरा हयात असताना मला हाक मारायची तर नुसतं खाकरायचा. मी त्या खाकरण्याला ओ देत असे.

हे बरं की वाईट, ते तुम्ही ठरवा. मी हाजी मुसईदच्या सुनेचं काय झालं ते सांगते.

हाजींचं घर माझ्या घराला लागून आहे. त्यांचा मुलगा गमदान मोठ्या सरोवरांवरच्या मालवाहू जहाजावर काम करतो. वसंतात निघतो, सरोवरं गोठली की परततो. लग्न झालं आणि दोन आठवड्यांत त्याचं जहाज सुटलं. मागे राहिली अफराह, येमेनमधल्या इब्ब गावची, कैरोमार्गे व्हिसा काढून आलेली. मोठाल्या हातांची, कमी बोलणारी मुलगी. गावी ती सुईण होती. शिकलेली, सरकारी दवाखान्यातली. लढाईच्या दिवसांत वीज नसताना मोबाइलच्या उजेडात तिनं बाळंतपणं केली होती. हे तिनं मला सांगितलं नाही, तिच्या सासूनं सांगितलं, आणि तेही तक्रार केल्यासारखं. "एवढी शिकलेली आहे, पण भात मऊ करते," असं.

मी दोन गल्ल्यांपलीकडच्या दवाखान्यात काम करते. आलेल्या बायकांना बसवायचं, त्यांचं म्हणणं डॉक्टरांना इंग्रजीत सांगायचं, डॉक्टरांचं म्हणणं त्यांना अरबीत सांगायचं. पण मी एकटी. मी जेवायला गेले की दुभाष्याला फोन लावतात, आणि फोनवर बहुतेक वेळा पुरुष असतो. पोटुशी येमेनी बाई फोनमधल्या पुरुषाला काय सांगणार? ती म्हणते, सगळं ठीक आहे. डोकं फुटत असलं तरी ठीक, पाय सुजले असले तरी ठीक.

मी डॉक्टर वफीकांना अफराहबद्दल सांगितलं. डॉक्टर इराकी, बोलायला तिखट, पण न्यायाच्या. त्यांनी अफराहला बोलावून घेतलं, तासभर प्रश्न विचारले आणि बाहेर येऊन मला म्हणाल्या, "ही मला हवी. गरोदर बायकांची मदतनीस म्हणून घेते. पण कामाच्या परवान्याचं कार्ड कुठाय?"

"अर्ज केलाय," मी म्हटलं. "येईल."

"नवीन वर्षापर्यंत जागा धरून ठेवते. त्यापुढे मला वरचे लोक विचारतील."

अफराहनं त्या दिवशी घरी येताना माझा हात धरला होता. रस्ता ओलांडताना धरला, तो सोडलाच नाही. "खाला," ती म्हणाली, "माझे हात विसरत चाललेत. रात्री उशीवर सराव करते, बाळ आडवं असेल तर कुठून दाबायचं ते."

मग वाट पाहणं सुरू झालं. ज्यानं ही वाट पाहिली नाही त्याला वाटेल, बसायचं घरात आरामात, नवरा कमावतोच आहे. बसून दाखवा. आम्ही बँकेत गेलो. बँकेतली मुलगी म्हणाली, आधी सरकारी नंबर आणा. नंबराच्या कचेरीत म्हणाले, आधी कार्ड आणा. गाडी चालवायचा परवाना? कार्ड आणा. लायब्ररीत पुस्तक घ्यायचं तर घराचा करारनामा दाखवा, आणि घर तर सासऱ्याच्या नावावर. फोन सासऱ्याच्या नावावर. गमदानचा पगार त्याच्या एकट्याच्या खात्यात, तो तिथून हाजींकडे आणि हाजींकडून तिच्या हातात. औषधाच्या दुकानात जायचं तरी हाजी गाडी काढत. मी डॉक्टरांना म्हटलं, तोवर ती फुकट येऊन बसू दे, बायकांशी नुसतं बोलू दे. दवाखान्याच्या वकिलानं तेही अडवलं. ज्या कामाचा पुढे पगार मिळायचाय ते आज फुकटही करायचं नाही म्हणे. उद्या तिच्याच अर्जावर बालंट यायचं. हात असून थोटी, अशी तिची गत झाली.

हाजी वाईट माणूस नव्हे, हे मी इथेच सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्यांना शिव्या द्याल. मीही दिल्या. पण त्यांनी सुनेला स्वतः जाऊन बर्फातले बूट आणले. तिला गाडीत पुढे बसवायचे आणि स्वतःची बायको मागे. गल्लीत कुणी म्हणालं, "हाजी, सून कामाला जाणार म्हणे," तर म्हणायचे, "जाणार. माझ्या आईला बाळंतपणात सुईण मिळाली नाही, म्हणून मी आईविना वाढलो. घरात सुईण आलीय, ती काय भात करत बसणार?" असं चारचौघांत बोलायला आमच्याकडे छाती लागते. अफराहला ते 'पोरी' म्हणून हाक मारत, आणि बाहेर तिच्याबद्दल बोलायचं तर 'गमदानच्या घरातली मंडळी'.

शरदात एक गोष्ट घडली. एका लग्नात अफराहनं सबाह नावाच्या मुलीला पाहिलं, सातव्या-आठव्या महिन्यातली, नाचून दमून बसलेली. अफराहनं तिच्या पायांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे, आणि तिला कोपऱ्यात घेऊन गेली. "डोळ्यांसमोर चांदण्या येतात का? डोकं दुखतं?" सबाह हो म्हणाली. "उद्याच्या उद्या दवाखान्यात जा. हे जसंच्या तसं सांग." सबाह गेली. मी नेमकी त्या दिवशी दातांच्या डॉक्टरकडे होते. फोन लावला, फोनवर पुरुष. सबाह म्हणाली, सगळं ठीक आहे, जरा थकवा आहे. त्यांनी रक्तदाब पाहिला, जरा चढलेला होता, चार दिवसांनी परत ये म्हणाले. त्या चार दिवसांत तिला झटके आले. सबाह वाचली. बाळ गेलं.

अफराह भेटायला गेली तेव्हा सबाहची आई म्हणाली, "तू असतीस तर तुला सांगितलं असतं तिनं." दोष द्यायला नव्हे, सहज म्हणाली. अफराह घरी आली आणि दोन दिवस जेवली नाही. सासूनं मला बोलावून घेतलं. मी तिच्यापुढे पोळी ठेवली तर म्हणाली, "खाला, मी दवाखान्यापासून दोन गल्ल्यांवर बसून कांदे चिरत होते." त्या दिवसापासून कार्ड तिच्या एकटीसाठी उरलं नाही. गल्लीत अजून चौघीजणी पोटुशी होत्या.

डिसेंबर लागला आणि कॉम्प्युटरवर दिसलं, कार्ड छापलं. मग दिसलं, पोस्टात टाकलं. अफराहनं त्या दिवशी पापुद्र्यांची सबाया भाजली आणि वरून एवढा मध ओतला की सासू म्हणाली, "मधमाशांनी दावा लावायचा आता." डॉक्टर वफीकांनी तिच्या मापाचा निळा अंगरखासुद्धा मागवून ठेवला.

कार्ड आलं नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. अफराह दुपारी खिडकीत उभी राहायची. आमचा नेहमीचा पोस्टमन ओटिस, काळा, पोट सुटलेला, गल्लीतल्या प्रत्येक घरात कोण आहे ते जाणणारा. मला 'मिसेस नशवान' म्हणतो, म्हणजे माझ्या मुलालाच त्यानं माझा नवरा करून टाकलाय. पण अफराहचं पहिलं पत्र आलं तेव्हा त्यानं माझ्याकडून नीट विचारून घेतलं होतं. दारावरच्या पत्रपेटीवर हाजींच्या घराण्याचं नाव, अल-जहमी. अफराहचं नाव तिच्या बापाकडचं, अल-हुबैशी. आमच्यात लग्न झालं म्हणून बाई बापाचं नाव टाकत नाही. ओटिसनं हाजींना सांगितलं होतं, "हिचंही नाव पेटीवर लावा." हाजी हसून म्हणाले होते, "अरे, तुला माहीत आहे ना? मग झालं." त्यानंतर तिची सगळी पत्रं बिनबोभाट आली. पण डिसेंबरात ओटिस गुडघ्याचं ऑपरेशन करून घरी पडला होता, आणि रोज निराळाच कुणी गाडी घेऊन यायचा.

मग एका सकाळी कॉम्प्युटरवर नवी ओळ आली. कार्ड परत आले. पत्त्यावर अशी व्यक्ती नाही.

माझं डोकं फिरलं. मला वाटलं, ही सासूचीच करणी. सून बाहेर पडली तर भांडी कोण घासणार? मी तडक उम्म गमदानच्या स्वयंपाकघरात गेले.

"काय गं, सुनेचं पाकीट चुलीत घातलंस की कचऱ्यात?"

तिनं लाटणं खाली ठेवलं. "उम्म नशवान, मला वाचता येत नाही. मी विजेचं बिल उलटं धरते. मला काय कळणार कुठलं पाकीट तिचं?"

"सून घरातून जाऊ नये असं वाटलं असेल."

"जाऊ दे ना. दिवसभर घरात बसून ती माझे डबे लावते. मीठ कुठे गेलं ते मला आठवडाभर सापडत नाही." मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "सबाहची आई माझी मावसबहीण आहे. मी असं करेन?"

चोर सोडून संन्याशाला फाशी, तसं झालं होतं. मी तिची माफी मागितली, तिनं मला चहा दिला, आणि आम्ही दोघी पोस्टाला शिव्या देत बसलो. हाजी घरात नव्हते. अलीकडे ते सकाळीच मशिदीत जातो म्हणून निघत आणि उशिरा येत.

वर्षाचे शेवटचे चार-पाच दिवस उरले असताना ओटिस आला. कामावर नव्हे, काठी टेकत, गल्लीतल्यांना नाताळची मिठाई वाटायला. मी आणि अफराह पायऱ्यांवरचा बर्फ लोटत होतो.

"कार्ड मिळालं का?" त्यानं अफराहला विचारलं. ती नाही म्हणाली. त्यानं कपाळाला हात लावला. "मला बदलीवाल्या पोरानं सांगितलं, पण वाटलं तो दुसऱ्या घराबद्दल बोलतोय. पेटीवर नाव दिसेना म्हणून त्यानं दार वाजवलं म्हणे. विचारलं, अफराह अल-हुबैशी इथे राहते का? एक म्हातारा बाहेर आला, मेंदी लावलेल्या दाढीचा. तो म्हणाला, इथे अशी कोणी नाही."

मेंदी लावलेली दाढी आमच्या गल्लीत एकच आहे.

मी अफराहकडे पाहिलं नाही. माझ्यानं पाहवलं नाही. ओटिस मिठाईचं पुडकं माझ्या हातात देऊन हळूहळू निघून गेला. अफराहनं फावडं भिंतीला टेकवलं, बूट झटकले आणि आत गेली. मी तिच्या मागोमाग.

हाजी बैठकीत होते, गादीवर, समोर दुधाचा चहा. उम्म गमदान पेले भरत होती. अफराह त्यांच्यासमोर गालिच्यावर बसली. तिनं विचारायच्या आधी मीच बोलले. माझ्या जिभेला हाड नाही.

"हाजी, पोस्टमन दारात आला होता. तुम्ही त्याला काय सांगितलंत?"

हाजींनी पेला खाली ठेवला. त्यांनी कांगावा केला नाही, कसला पोस्टमन असंही म्हणाले नाहीत. दाढीवरून हात फिरवला.

"तो पुरुष होता," ते म्हणाले. "पोरसवदा, अनोळखी. शेजारचा सालिह त्याच्या पायऱ्यांवर उभा, त्याचे मुलगे उभे. आणि हा माझ्या दारात उभा राहून माझ्या घरातल्या बाईचं नाव मोठ्यानं घेतो, विचारतो, राहते का. माझ्या तोंडातून निघून गेलं. मी विचार केला नाही. चाळीस वर्षं कुणी असं विचारलं की हेच उत्तर देत आलोय."

"मग कळलं कधी?"

"दार लावलं तेव्हाच. तसाच चपलांवर पळालो बर्फातून. गाडी वळली होती."

"आणि मग गप्प बसलात? तीन आठवडे?" माझा आवाज चढला. "ही खिडकीत उभी राहते ते दिसत नव्हतं तुम्हाला?"

"गप्प नाही बसलो." हाजी माझ्याकडे नाही, गालिच्याकडे पाहत होते. "रोज पोस्टात गेलो. मशिदीत नव्हतो जात. रांगेत उभा राहायचो. खिडकीतली बाई विचारायची, कुणाचं पाकीट? मी म्हणायचो, माझ्या सुनेचं. ती म्हणायची, नाव सांगा. मी म्हणायचो, हाजी मुसईदच्या घरचं, अल-जहमी. ती शोधायची, म्हणायची, या नावाचं काही नाही. खरं नाव सांगा." त्यांनी पेला जरा पुढे सरकवला. "रांगेत सगळी आपलीच माणसं. मागे सालिहचा भाऊ. एकदा इमामसाहेब. माझी जीभ वळेना. उद्या कमी लोक असतील तेव्हा जाऊ म्हणायचो. शेवटी एक दिवस गेलो, रांगेत कुणी नव्हतं. तेव्हा सांगितलं. ती म्हणाली, काल परत पाठवलं."

बैल गेला आणि झोपा केला, हे मी त्यांच्या तोंडावर म्हणणार होते. उम्म गमदाननं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला म्हणून राहिले. आणि एवढ्या म्हाताऱ्या माणसाची मान अशी खाली गेलेली मी कधी पाहिली नव्हती. राग तर आलाच होता, पण रागाखाली भलतंच काहीतरी होतं. माझा नवरा असता तर त्यानंही हेच केलं असतं. खाकरला असता खिडकीपाशी.

"पुन्हा अर्ज करू," हाजी अफराहला म्हणाले. "मी स्वतः येतो वकिलाकडे. पेटीवर नाव लावतो, मोठ्या अक्षरांत. डॉक्टरबाईंच्या पाया पडतो. एवढे महिने थांबल्या, अजून थोडं थांबतील."

आता मला बोलणं भाग होतं. ते मी सकाळपासून तोंडात धरून बसले होते. "काल त्यांनी दुसरी मुलगी घेतली," मी म्हटलं. "शिकागोची आहे. पुस्तकातलं अरबी बोलते. वरून दट्ट्या आला होता. डॉक्टर म्हणाल्या, जागा पुन्हा कधी निघेल सांगता येत नाही."

अफराहनं माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात रडू नव्हतं. काम संपल्यावर हात पुसणाऱ्या बाईसारखी दिसत होती ती.

"तिला आपल्या बायकांचं बोलणं कळेल?" तिनं विचारलं.

"थोडंफार."

"सबाहच्या नणंदेचं बाळ आडवं आहे. तिला तेवढं सांग. कळेल अशा शब्दांत सांग."

"सांगते."

"पोरी," हाजी म्हणाले, "मला काय बोलायचं ते बोल. शिव्या दे. मी तुझा अपराधी आहे. मी खोटं बोललो."

अफराह उठली. तिनं पेले एकात एक घातले, ताटलीतले सबायाचे तुकडे गोळा केले, गालिच्यावर सांडलेला चहा ओढणीनं टिपला.

"खोटं कुठे बोललात, हाजी," ती म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच तो अंगावर आला. "बँकेत विचारा, कचेरीत विचारा, पोस्टात विचारा. इथे अशी कोणी नाहीच."

ती तबक घेऊन स्वयंपाकघरात गेली. दार उघडंच होतं. मला तिची पाठ दिसत होती, आणि बाह्या वर सारलेले ते मोठाले हात. तिनं पेले धुवायला घेतले.

हाजी बसल्या जागी अवघडले. त्यांनी घसा साफ केला, एकदा, दोनदा. मग बायकोसमोर, माझ्यासमोर, उघड्या खिडकीसमोर त्यांनी हाक मारली.

"अफराह."

उम्म गमदान दचकली. खुद्द बायकोला त्यांनी इतक्या वर्षांत कधी नावानं हाक मारली नव्हती.

"अफराह," हाजी पुन्हा म्हणाले, या वेळी मोठ्यानं. बाहेर सालिहच्या पायऱ्यांवर ऐकू गेलं असेल.

तिला ऐकू गेलं. मी पाहिलं, तिचे हात क्षणभर थांबले. मग तिनं नळ आणखी मोठा सोडला आणि पुढचा पेला घेतला.